गाळा मिळेल, पण ओटला मिळेल का?

भेंडीबाजारच्या पुनर्बांधणीतून आसपासच्या मोहल्ल्यांतील दुकानदार आणि कारागिरांनी घ्यावयाचा हिशेब

मुंबईच्या जुन्या बाजारातील कोणत्याही दुकानदाराला विचारा, तुमचा गाळा किती चौरस फुटांचा? तो झटकन आकडा सांगेल. दीडशे, एकशे ऐंशी, फार तर अडीचशे. मग त्यालाच विचारा, तुमचा धंदा किती जागेत चालतो? आता तो जरा थांबेल. कारण दोन फुटांच्या ओटल्यावर माल मांडलेला असतो, समोर हातगाडी उभी असते, वरच्या मजल्यावर कारागीर बसलेला असतो, गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी भागीत गुदाम असते, नोकर मंडळी शेजारच्या बिसीत जेवतात, आणि नमाजाला, वजूला, घोटभर गार पाण्याला मशीद पन्नास पावलांवर असते. हे सगळे मिळून एक दुकान होते. भाडेपावतीवर मात्र त्यातले दीडशे चौरस फूटच लिहिलेले असतात.

हा विषय आज व्यापार पानावर घेण्याचे कारण असे की भेंडीबाजारपाठोपाठ आता शेजारच्या मोहल्ल्यांतही इमारती पाडून मनोरे बांधण्याच्या सभा भरू लागल्या आहेत. कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाचे काम म्हाडाने हाती घेतले आहे. डोंगरी, नागपाडा, नळबाजार इकडेही विकासक मंडळी नकाशे घेऊन फिरताना दिसतात. संमतीपत्रावर सही करायची की नाही, हा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या गल्ल्यावर येऊन पडला आहे. सही करू नका असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. या इमारतींची अवस्था ज्याने आतून पाहिली आहे तो तसे म्हणणार नाही. परंतु सही कशावर करायची, हे सांगणे आमचे काम आहे.

पाण्याच्या नावांचा मोहल्ला

भेंडीबाजार हे नाव कसे पडले याच्या दोन कथा सांगतात. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा बाजार म्हणून इंग्रज लोक त्याला 'बिहाइंड द बझार' म्हणत, त्याचे भेंडीबाजार झाले, ही एक. इथे पूर्वी भेंडीची झाडे होती, ही दुसरी. खरी कोणती, यावर चहाच्या दोन फेऱ्या आरामात होऊ शकतात.

पण आजूबाजूची नावे पाहिली तर वेगळीच गोष्ट लक्षात येते. पायधुणी, खारा टँक, बाबुला टँक, दो टाकी. सगळी नावे पाण्याची. जिथे पाणी होते तिथे वस्ती झाली, जिथे वस्ती झाली तिथे बाजार भरला. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली, ती तर जुन्या तलावावरच उभी आहे. आजही मशिदीच्या पोटात पाण्याचा हौद असून त्यात मासे फिरतात. ही मशीद उभी करण्यात पुढाकार होता आपल्या कोकणी मुसलमानांचा, म्हणजे गलबतांवरच्या नाखुदांचा आणि व्यापाऱ्यांचा. विहारचे पाणी मुंबईला मिळू लागले ते १८६० साली. त्याआधी विहीर, तलाव आणि मशिदीचा हौद, हीच बाजाराची नळयोजना होती आणि तिचा खर्च बिरादरीच्या खिशातून होत असे.

पुढेही तीच रीत चालू राहिली. हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना क्रॉफर्ड मार्केटपाशी उभा राहिला. हजला निघालेले गावोगावचे लोक जहाजाची वाट पाहत तिथे उतरत. याच घराण्याच्या देणगीतून १९३६ साली भायखळ्याला तंत्रशिक्षणाची संस्था निघाली आणि आपल्या मुलांच्या हाती लेथ आणि वेल्डिंग आले. त्याच्याही कितीतरी आधी, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली. मोहल्ल्याच्या उत्तर टोकाला सर जमशेटजी जीजीभाई या पारशी शेठजींच्या दानाने १८४५ पासून रुग्णालय चालू आहे. कोकणातल्या जमातींनी गावकऱ्यांसाठी मुंबईत खोल्या घेऊन ठेवल्या. बोटीवरून उतरलेला खलाशी आणि नोकरी शोधायला आलेला मुलगा तिथे पथारी टाकी.

मुसाफिरखाना, शाळा, दवाखाना, हौद, जमातीची खोली यांना लोक खैरात म्हणतात. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे बाजाराचे भांडवलच होय. मुसाफिरखान्यात उतरलेला हाजी बाजारात इहराम, पेटी, बिस्तर घेई. जमातीच्या खोलीतला खलाशी घरी जाताना लग्नाचा जोडा आणि अत्तराची बाटली इथूनच नेई. रत्नागिरी आणि रायगडकडची मंडळी आजही लग्नाच्या खरेदीला महंमद अली रोडवर उतरतात, ती काही दुकानाची काच पाहून येत नाहीत. आजोबांपासून पाय मळलेली वाट आहे, म्हणून येतात.

पहिली मोडतोड

हा मोहल्ला पाडून बांधण्याचा प्रकार पहिलाच नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. कोंदट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, हवा खेळू द्यावी, असा त्याचा बेत होता. सँडहर्स्ट रोड निघाला, प्रिन्सेस स्ट्रीट निघाली, आणि दक्षिणोत्तर एक मोठा रस्ता निघाला. त्याचे नाव सिडनहॅम रोड. पुढे मौलाना महंमद अली यांच्या नावाने तो महंमद अली रोड झाला.

या कामात एक चूक झाली होती ती आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने घरे पाडली भराभर आणि बांधली सावकाश. उठवलेली माणसे दूर गेली नाहीत. रोजगार जवळ होता म्हणून ती शेजारच्याच गल्लीत शिरली आणि ती गल्ली दुप्पट दाट झाली. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. रस्ते मात्र झकास झाले आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी आपला बाजार फुलला. तेव्हा मोडतोडीतून व्यापाराचे नुकसानच होते असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

याच्या उलट उदाहरणही याच रस्त्यावर आहे. २००२ साली जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने मोठा उड्डाणपूल झाला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव दिले ही आनंदाची गोष्ट आहे. शहराची गाडी वरून सुसाट निघून जाते. खाली ज्याचे दुकान आहे त्याला सावली मिळाली आणि गाडीतून उतरणारे गिऱ्हाईक वरच्या वर गेले. पूल व्हायला नको होता असे नाही. पण तो आखताना खालच्या दुकानदाराचा विचार किती झाला असेल, हे पुलाखाली उभे राहिले की कळते.

पागडीची गाठ

इमारती एवढ्या मोडकळीला का आल्या? याचे उत्तर भाडेपावतीतच आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते त्या काळी आवश्यकच होते. पण दरमहा मिळणाऱ्या भाड्यात घरमालकाचा रंगाचा डबाही येईना. मग दुरुस्ती बंद पडली आणि व्यवहार पागडीवर गेला. दुकान हातोहात फिरले, पैसा हातोहात फिरला, इमारतीच्या तुळया तिथेच कुजत राहिल्या. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. त्या वेळी मुंबई बेटावर उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या १९,६४२. त्यातल्या १६,००० हून अधिक सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. लाकडी सांगाडा, विटांची भिंत आणि वर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले वजन.

एक गोष्ट अजूनही अनेक बांधवांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. पागडी हा शब्द लोक अजून दबक्या आवाजात उच्चारतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क देताना किंवा हस्तांतरित करताना घेतलेली रक्कम कायदेशीर मानली आहे. म्हणजे पागडी लपवण्याची गरज उरलेली नाही. उलट ती कागदावर आणण्याची गरज आहे. आमच्या कित्येक कुटुंबांत लाखो रुपयांची पागडी दिलेली असते आणि पुरावा काय, तर मरहूम वडिलांच्या वहीतली एक ओळ.

हुसैनी इमारत

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. दोन दिवस आधी मुंबईवर धो धो पाऊस झाला होता. तेहतीस माणसे गेली. इमारत शंभरी ओलांडलेली, धोकादायक ठरलेली आणि पुनर्विकासाच्या हद्दीतली होती. काही कुटुंबे आधीच तात्पुरत्या घरांत गेली होती, काही राहिली होती. दोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, डोंगरीच्या तांडेल स्ट्रीटवर पुन्हा तसेच घडले.

धोका माहीत असून लोक राहतात कसे, असे बाहेरचा माणूस सहज विचारतो. हा प्रश्न आम्ही मोहल्ल्यात फिरताना बऱ्याच जणांशी काढला. उत्तर जवळजवळ एकच मिळाले. जीव प्यारा आहे, पण जायचे कुठे? खाली दुकान, वर घर आणि दोन मजले वर कारागीर असे ज्याचे बस्तान आहे, त्याचे घर हलले की तिन्ही गोष्टी हलतात. घराला दुसरे घर हा पर्याय होतो. गिऱ्हाईक मात्र सोबत हलत नाही.

नवे मनोरे

सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट २००९ साली स्थापन झाला. दाऊदी बोहरा जमातीचे ५२ वे दाई मरहूम सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांची ही कल्पना. त्यांचा इंतकाल २०१४ साली झाला. योजना सुमारे साडेसोळा एकरांची. जुन्या इमारती सुमारे अडीचशे, कुटुंबे सुमारे ३२००, दुकाने आणि इतर व्यवसाय सुमारे १२५०. एकेक इमारत सुटी न बांधता सगळा पट्टा एकत्र घेऊन नऊ भागांत बांधायचा, रस्ते रुंद करायचे, सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची सोय करायची, झाडे लावायची, गाड्या उभ्या करायला जागा ठेवायची. कुटुंबाला कमीत कमी साडेतीनशे चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे. पहिल्या टप्प्यातील 'अल सआदा' हे दोन उंच मनोरे उभे राहिले आणि जुनी कुटुंबे त्यांत राहायला गेली.

ज्यांनी चाळीत जन्म काढला त्यांच्या दृष्टीने घरातच संडास आणि घरातच नळ ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे लिहून सांगणे कठीण. पहाटे रांगेत उभे राहणारी बाई आणि चार जिने उतरू न शकणारी म्हातारी माणसे यांच्यापुढे ओटल्याचा आणि हातगाडीचा हिशेब मांडताना आम्हाला थोडा संकोच वाटतो, हे कबूल करतो. सगळेच खूष होते असेही नाही. काही भाडेकरू कोर्टात गेले, कामाला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. पण एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. इथे विकासकाच्या जागी एक धर्मादाय ट्रस्ट आहे आणि त्याच्या पाठीशी शिस्तबद्ध जमात आहे. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा रौजा, रौदत ताहेरा, याच मोहल्ल्याच्या मध्यावर आहे. आतल्या संगमरवरावर संपूर्ण कुराण शरीफ कोरलेले आहे. जमातीला हा मोहल्ला सोडायचाच नाही. डोंगरीच्या किंवा नागपाड्याच्या गल्लीत जो विकासक येईल त्याचा रौजा तिथे नाही. इमारत विकून झाली की त्याचा संबंध संपला. म्हणून बोहरी मोहल्ल्यात जे विश्वासावर झाले, ते इतरांनी कागदावर करून घेतले पाहिजे.

कायदा दुकानाला काय देतो

घराला कायदा किमान क्षेत्र देतो, म्हणजे शंभर फुटांच्या खोलीत राहणाऱ्यालाही त्यापेक्षा मोठे घर मिळते. दुकानाचे तसे नाही. दुकानाला मिळते ते जेवढे होते तेवढे चटई क्षेत्र. पावतीवर दीडशे असेल तर दीडशे. इथून हिशेब सुरू होतो.

पहिली गोष्ट ओटल्याची. ओटला कोणत्याही मोजणीत येत नाही. पण ज्याने भांडी, टोप्या, कुलपे किंवा खजूर विकले आहेत त्याला माहीत आहे की निम्मी विक्री ओटल्यावर होते. गिऱ्हाईक चालता चालता थांबते, वस्तू हातात घेते, भाव विचारते आणि मग आत येते. नव्या इमारतीत रस्त्याच्या पातळीच्या वर दोन पायऱ्या आणि काचेचे दार आले की हे चालते गिऱ्हाईक अर्धे होते. आणि दुकान जर पहिल्या मजल्यावर गेले, तर नाव ठाऊक असलेले गिऱ्हाईक वर चढेल, बाकीचे नाही. सराफाला, लग्नाच्या कापडाला वरचा मजला चालून जाईल. स्क्रू आणि बिजागरी विकणाऱ्याला नाही. म्हणून करारात 'तेवढेच क्षेत्र' एवढे पुरेसे नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या पातळीवर, दर्शनी रुंदी किती, हे तिन्ही लिहून घ्यावे. दीडशे चौरस फूट म्हणजे दहा बाय पंधरा होतात आणि सहा बाय पंचवीसही होतात. दोन्ही दुकाने कागदावर सारखीच. दहा फुटांच्या शटरपुढे चार माणसे उभी राहतात, सहा फुटांच्या शटरपुढे दोन, आणि तिसरा पुढच्या दुकानात जातो.

दुसरी गोष्ट पोटमाळ्याची. जुन्या गाळ्यांची उंची चौदा-पंधरा फूट. निम्म्या दुकानांत लाकडी पोटमाळा आहे आणि साठा त्यावरच असतो. पोटमाळ्याची परवानगी असेल तर तो कागद आजच शोधून ठेवा. नसेल तर नव्या गाळ्याची उंची किती राहणार, हे तरी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट माल चढवण्या-उतरवण्याची. आपल्या बाजारात टेम्पो पहाटे येतो, हमाल पाठीवर पेटी घेतो, हातगाडीवाला गल्लीत नेतो. मनोऱ्याच्या नकाशात मोटारी उभ्या करायला मजलेच्या मजले असतात. हातगाडी कुठे उभी राहील आणि मालाची लिफ्ट कुठे आहे, असे आम्ही एका नकाशावाल्याला विचारले, तेव्हा त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही घोडागाडीचा तबेला विचारतो आहोत.

पावती नसलेला कारागीर

आता सगळ्यात अवघड मुद्दा. वरच्या मजल्यावर जो जरीवाला, पिशव्या शिवणारा, पॉलिशवाला, बटणवाला बसतो, त्याच्याजवळ बहुधा काहीच नसते. पावती मालकाच्या नावे, वीजबिल तिसऱ्याच्या नावे, आणि तो स्वतः वीस वर्षे तिथे. कायद्याने १३ जून १९९६ ही तारीख ठरवली आहे. त्यानंतर नव्याने केलेली भाडेदारी पुनर्वसनासाठी वेगळी धरली जात नाही. म्हणजे भावाभावांत २००१ साली दुकान वाटून दोन पावत्या केल्या असतील, तरी गाळ्याचे क्षेत्र एकाच दुकानाचे. आणि पोटभाड्याने बसलेला कारागीर तर यादीत नाहीच.

दुकानदाराला वाटते, हा त्याचा प्रश्न. तसे नाही. बाजारात घाऊक माल लवकर मिळतो आणि सकाळी दिलेले काम संध्याकाळी परत येते, ते कारागीर दोन जिने वर आहे म्हणून. तो मुंब्र्याला किंवा नालासोपाऱ्याला गेला की एक नमुना बदलून आणायला दिवस जाईल. शिवाय निवासी मनोऱ्यात लेथ, प्रेस, भट्टी चालू द्यायला कुणी राजी नसतो. आवाज आणि धूर सोसत राहावे असे आम्हीही म्हणत नाही. पण समूह योजनेत एक मजला किंवा एक छोटी इमारत लहान उद्योगासाठी, वाढीव वीजभारासह, वेगळी मागता येते. हे मागणे दुकानदारांनीच केले पाहिजे, कारण सभेत बसायचा हक्क त्यांना आहे, कारागिराला नाही. ज्यांच्याकडे थोडाफार पुरावा आहे अशा कारागिरांनी गुमास्ता परवाना, वीजबिल, जुनी भाडेपावती, आयकराचे कागद, बँकेच्या पत्त्याचे कागद एका फायलीत लावून ठेवावेत. नोटरी केलेल्या कागदावर फार विसंबू नये. नोंदणी केलेला कागद वेगळा आणि शिक्का मारलेला कागद वेगळा.

बिसीचेही तेच. बिसी म्हणजे महिनेवारी खानावळ. एखादी बाई किंवा एखादा उस्ताद वीस-पंचवीस कारागिरांना दोन वेळ जेवू घालतो. बिसीला ना पावती ना परवाना. ती बंद पडली की कारागिराचा जेवणखर्च वाढतो आणि तो मजुरीत मागतो. म्हणजे हे पैसे शेवटी दुकानदाराच्याच गल्ल्यातून जातात.

मधली वर्षे आणि नंतरचा खर्च

घर रिकामे केलेल्या कुटुंबाला तात्पुरते घर किंवा भाडे मिळते. दुकानदाराचे काय? आमच्या बहुतेक व्यवसायांचा कणा म्हणजे रमजानचा महिना आणि त्याच्या आधीचे काही आठवडे. टोपी, अत्तर, सुकामेवा, शेवया, कपडा, चप्पल, भांडी. काम तीन वर्षांत होईल असे सांगतात. पाच लागली तर पाच रमजान गेले. ज्याची उधारी बाजारात फिरते आहे, त्याने पाच रमजान दूर राहून परत यावे आणि घाऊक व्यापाऱ्याने त्याला पूर्वीसारखा महिन्याच्या बोलीवर माल द्यावा, असे होत नाही. तेव्हा तात्पुरता गाळा त्याच बाजारात, चालत्या रस्त्यावर मिळणे ही पहिली अट असावी. मिळणारच नसेल तर नुकसानभाईची रक्कम महिन्याच्या भाड्यावर न ठरवता धंद्यावर ठरावी, आणि मुदत उलटली तर ती आपोआप वाढावी. तात्पुरत्या गाळ्याचा पत्ता करारात लिहिला नसेल, तर त्या शब्दाला फारसा अर्थ नाही.

दुसरा खर्च नंतरचा. आजवर दुकानाचे भाडे इतके कमी होते की अनेकांना त्याची आठवणही वर्षातून एकदा येई. मनोऱ्यात लिफ्ट, पंप, पहारेकरी, अग्निशमन यंत्रणा, सामाईक दिवे, सगळ्याचा मासिक खर्च येतो. योजनेत देखभालीसाठी ठेव ठेवावी लागते, तिची रक्कम किती आणि व्याज कुणाच्या हातात, हे आधी पाहावे. दुकानांना आणि घरांना खर्चाची वाटणी कोणत्या प्रमाणात, हेही. तळमजल्याच्या दुकानदाराने चाळिसाव्या मजल्याच्या लिफ्टचा खर्च का भरावा, हा वाद मनोरा झाल्यावर निघतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि वक्फ. इमारतीत एखादी खोली नमाजाची, एखादी मदरशाची, एखादी गावच्या जमातीची असते. ती कोणाच्या नावे आहे हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असते आणि कागदावर कुठेच नसते. जमातीच्या खोल्या अशाच हळूहळू कुणा एकाच्या नावावर गेल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. कोकणातल्या जमातींनी आपापल्या मुंबईच्या खोलीची पावती कोणाच्या नावे आहे, हे या वर्षाच्या बैठकीत जरूर काढावे. ती खोली जर नव्या इमारतीत एका माणसाच्या मालकीचे घर म्हणून उतरली, तर गावाचा तिच्यावर हक्क सांगणे अवघड होईल.

भेंडीबाजारातून परत निघताना आम्ही एका जुन्या कुलूपवाल्याकडे थांबलो होतो. त्याची इमारत अजून पाडायची आहे. त्याने चहा मागवला आणि गल्ल्याखालून शाळेची एक वही काढली. गल्लीतल्या अकरा दुकानदारांनी मिळून त्यात लिहून काढले आहे, कोणाचा ओटला किती, पोटमाळा किती, शटर किती फुटांचे, टेम्पो कुठे लागतो, वर कोणता कारागीर बसतो आणि किती वर्षे. प्रत्येक पानावर अकरा सह्या आहेत. वकिलाला दाखवली का, असे आम्ही विचारले. पुढच्या जुम्याला जायचे आहे, तो म्हणाला, आणि ओटल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला सात लिव्हरचे कुलूप दाखवायला उठला.